कारवानी कुत्री, दोन ससे आणि चार बजी एकाच फ्लॅटमध्ये: जमेल का?

भाकरवडी
नमस्कार मंडळी. सोलापूरकडची अडीच वर्षांची कारवानी (शिकारी देशी जात) कुत्री दत्तक घ्यायचं घाटतंय. आताचे मालक परदेशी निघालेत. आमच्याकडे आधीपासून दोन ससे (जोडी, दोघांचीही नसबंदी झालेली) आणि चार बजी (बजरीगर, छोटे रंगीत पक्षी) आहेत. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके. ससे काचेने बंद केलेल्या बाल्कनीत, बजींचा पिंजरा हॉलमध्ये चाकांच्या स्टँडवर. कुत्री शेतावर वाढलेली, त्यामुळे सशामागे पळाली असणार हे धरूनच चाललोय. माणसांशी एकदम गरीब आहे.
हे जमेल का? जमत असेल तर पिंजरे, दारं, शिकवणं याचं नेमकं काय करायचं? "घेऊ नका" हे उत्तरही चालेल, पण कारणासकट द्या.

उंटावरचा_शहाणा
घेऊ नका. कारण: ससे. (कारणासकट दिलं.)

शेपूटहलवे
उंश (उंटावरचे शहाणे), एवढ्यावर सोडू नका हो. थोडं सविस्तर लिहितो.

शिकार म्हणजे एक साखळी असते: हेरणं, टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग, झडप, मारणारा चावा, मग फाडणं. माणसाने शेकडो पिढ्या निवड करून प्रत्येक जातीत यातल्या काही कड्या ठळक केल्या, काही दाबल्या. बॉर्डर कोलीत टक आणि दबकणं शिल्लक ठेवलं, चावा दाबला. लॅब्राडॉर उचलून आणतो, पण दात रुतवत नाही. टेरियर पकडून झटकतो, आणि त्या एका झटक्यात उंदराची मान जाते. कारवानी, मुधोळ, ग्रेहाउंड, सलुकी हे डोळ्यांनी शिकार करणारे. हालचाल दिसली की पाठलाग सुरू, आणि पाठलाग सुरू झाला की पुढच्या कड्या आपोआप येतात.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, "माणसांशी गरीब" याचा इथे काही उपयोग नाही. शिकारीत राग नसतो. गुरगुरणं नाही, शेपूट हलत असते, चेहरा खूश असतो. लोक म्हणतात "खेळत होता", आणि ससा गेलेला असतो. दोन, पोट भरलेलं असलं तरी फरक पडत नाही, आणि नसबंदीनेही ही ओढ जात नाही. तीन, आणि फसायला होतं ते इथेच: ससा निश्चल बसलेला असेल तर कारवानी त्याच्याकडे आठवडेच्या आठवडे ढुंकूनही बघत नाही. घरचे निर्धास्त होतात. मग एक दिवस ससा उडी मारून पळतो.

नाचणी
थोडी असहमत. आमच्या मराठवाड्यात वाड्यावस्त्यांवर कारवानी कोंबड्या-शेरडांमध्येच वाढतात. अंगणात पिल्लं टुकटुक फिरत असतात आणि कुत्रं लोळत असतं. जातीच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही, संगोपनाचा प्रश्न आहे.

शेपूटहलवे
@नाचणी, निरीक्षण बरोबर, पण ते या कुत्रीला लागू करता येत नाही. ती कुत्री पिल्लू असल्यापासून त्याच कोंबड्यांत असतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे समोर असतं ते "घरचं" म्हणून मनात बसतं. शिवाय ते सरसकट नसतं. घरच्या कोंबडीला हात न लावणारं तेच कुत्रं बांधावरचा ससा उठला की सुसाट सुटतं. आणि पिल्लू म्हणून आणलं तरी खरी शिकारी ओढ आठ ते अठरा महिन्यांत वर येते, म्हणून सहा महिन्यांच्या पिल्लावरून निष्कर्ष काढू नये. इथे कुत्री अडीच वर्षांची आहे. तो काळ कधीच उलटून गेला.

नाचणी
हे पटलं. म्हणजे मैत्रीचा नाद सोडायचा.

खडूस_आजोबा
मैत्रीचे व्हिडिओ बघून कुत्री आणणाऱ्यांना एकच विचारतो: त्या व्हिडिओत तिसाव्या सेकंदानंतर काय झालं?

जाळीवाला
पिंजऱ्यांवर लिहितो, बाकी शेपूटहलवे बघतील.

पहिलं म्हणजे बजींचा बाजारी पिंजरा पक्षी बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेला असतो, कुत्रा आत येऊ नये म्हणून नाही. त्याच्या तीन दुबळ्या जागा:

१. वर सरकणारं छोटं दार. ते फक्त स्वतःच्या वजनाने बंद राहतं. पिंजरा आडवा पडला की आपोआप उघडतं. प्रत्येक दाराला स्नॅप हुक लावा, दाणापाण्याच्या वाट्यांच्या खिडक्यांनाही.
२. खालचा ट्रे. तो ओढून काढला की दीड-दोन इंचांची फट उघडी पडते. कारवानीचं तोंड निमुळतं, तेवढ्यातून नाक आणि जीभ सहज आत जाते. ट्रे धुवायला काढल्यावर फट बंद करणारी पट्टी नसलेला पिंजरा घेऊच नका.
३. गजांवर चढलेला पक्षी. बजी दिवसाचा बराच वेळ जाळीला लटकून असतात, बोटं आणि शेपटीची पिसं बाहेर. पिंजरा कितीही भक्कम असो, बाहेरून तोंड टेकलं की बोटं गेली.

तिसऱ्यावर उपाय म्हणजे अंतर ठेवणारी दुसरी जाळी. पिंजऱ्याभोवती एक इंची चौकोनी पाइपची चौकट, त्यावर अर्धा इंच बाय अर्धा इंच वेल्डेड जाळी, १६ गेजची, आतल्या पिंजऱ्यापासून चारही बाजूंनी निदान ५ इंच लांब. जाळी चौकटीच्या आतून नव्हे, बाहेरून, कुत्रा ढकलेल त्याच बाजूने बसवायची म्हणजे धक्क्याने ती चौकटीवर दाबली जाते, सुटत नाही. दर ६ इंचांवर वॉशरसकट स्क्रू. कोंबड्यांची षटकोनी जाळी अजिबात नको. ती कोंबडी आत ठेवते, कुत्रा बाहेर ठेवत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी पक्ष्यांच्या चोचीला पोहोचेल अशी कधीच लावू नका. बजी सतत कुरतडतात आणि जस्ताची विषबाधा होते. बाहेरच्या थराला चालेल, तीही आधी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, वाळवून. आतला पिंजरा स्टेनलेस किंवा चांगल्या पावडर कोटिंगचा हवा.

चिमणचारा
जाळीवाला म्हणजे या विषयातले गुरुजी आहेत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

जाळीवाला
अजून संपलं नाही. @भाकरवडी, ते चाकांचं स्टँड आजच काढा. पंचवीस किलोची कुत्री मागच्या पायांवर उभी राहून पुढचे दोन पाय पिंजऱ्यावर टेकवते तेव्हा पिंजरा घरंगळत नाही, सरळ तिच्या अंगावर आडवा येतो. उंचीवरही विसंबू नका. कारवानीला धावत येऊन पाच फुटी भिंत ओलांडणं अवघड नसतं, आणि सोफा, टेबल, खिडकीचा कट्टा या तिच्या पायऱ्याच. पिंजऱ्याच्या वरच्या तिसऱ्या भागात दोन्ही बाजूंना एल ब्रॅकेट लावून भिंतीत आवळा, आणि सहा फुटांच्या परिघात चढायला काही ठेवू नका.

भिंत कसली आहे ते आधी टकटक करून बघा. लाल विटेची किंवा आरसीसी असेल तर १० मिलिमीटरचा अँकर फास्टनर पुरतो. नव्या इमारतींमध्ये आतल्या भिंती एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या असतात, त्यात साधा फास्टनर फुगला की ब्लॉकच भुसभुशीत होऊन बाहेर येतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन प्लग, नाहीतर आरपार बोल्ट आणि पलीकडून पट्टी.

भाकरवडी
बापरे. भिंत एएसीचीच आहे, कारण साधा फोटो टांगतानाही पावडर पडते. आरपार बोल्टच करावा लागेल. ससे बाल्कनीतच ठेवले तर? काचेचं सरकतं दार आहे.

साताऱ्याचा_पशुवैद्य
बाल्कनी नको, आणि कारण फक्त कुत्री नाही. ससा उष्णता सहन करू शकत नाही. तापमान तिशीच्या आसपास गेलं की त्याला त्रास सुरू होतो, आणि पुण्याचा एप्रिल-मे काचेमागे काय असतो ते सांगायला नको. त्यात काचेपलीकडून दिवसभर शिकारी टक लावून बसलेला. सशाला काच म्हणजे काय ते कळत नाही.

या धाग्यावर सगळे "कुत्रा पोहोचेल का" यावर बोलतायत. न पोहोचताही ससा मरू शकतो. घाबरून एकदम मागचे पाय झाडले तर कमरेचा मणका मोडतो. सशाच्या स्नायूंची ताकद त्याच्या हाडांना झेपत नाही. किंवा भीतीने खाणं थांबतं, आतडी मंदावतात, पोट फुगतं. दहा-बारा तास ससा खात नाही, लेंड्या नाहीत किंवा बारीक-बारीक झाल्या, तर ती इमर्जन्सी समजा, सकाळची वाट बघू नका. "शांत बसलाय" हे सशाच्या बाबतीत चांगलं लक्षण नसतं. मागचा पाय आपटणं, कान पाठीला चिकटवून गोठून बसणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, गवत न खाता कोपऱ्यात राहणं, ही भीती.

म्हणून माझ्या लेखी कसोटी ही: कुत्री घरात असताना ससे पाय ताणून आडवे पसरतात का? पसरत असतील तर मांडणी जमली.

चिमणचारा
बजींची कसोटीही तशीच. निवांत बजी दुपारी बडबडतो, चोच घासतो, एक पाय पोटात घेऊन झोपतो. घाबरलेला बजी पिसं अंगाला चिकटवून सडपातळ होतो, चौघं दांडीच्या लांबच्या टोकाला गच्च, आवाज बंद. पिंजऱ्याची निदान एक बाजू आणि मागची बाजू भिंतीला किंवा प्लायला लागलेली असू द्या. चारही बाजूंनी उघडा पिंजरा हॉलच्या मधोमध हे पक्ष्याला कधीच मानवत नाही, कुत्रा असो वा नसो. रात्री झिरोचा दिवा ठेवा. अंधारात कुत्रीची नखं फरशीवर वाजली की पक्षी आंधळेपणाने फडफडतात आणि पंख मोडून घेतात. कॉकाटीलमध्ये हे फारच, बजींमध्येही होतं.

अवांतर: हे वाचून कोणी म्हणेल बजी नको, आपला साधा पोपट बरा. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, गल्लीत सहज विकत मिळत असला तरी.

कोकणकडा
अवांतरात अवांतर. कारवानी म्हणा नाहीतर मुधोळ, कुत्रं एकच ना? मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासली म्हणून मुधोळ.

नाचणी
सुरू झालं! केनेल क्लब ऑफ इंडिया कारवान म्हणून नोंदवतो, दुसरा क्लब मुधोळ म्हणून. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे. लांब केसांचे ते पश्मी. लातूरकडच्या माणसाला त्याच्या कुत्र्याला मुधोळ म्हणून बघा, मग पळायचा वेग कोणाचा जास्त ते कळेल.

कोकणकडा
:D मागे घेतो.

उंटावरचा_शहाणा
ट्रेनिंगचं गाडं कुठे अडलं? सोपा उपाय म्हणजे करंट देणारा पट्टा. सशाकडे बघितलं की झटका. चार दिवसांत विषय बंद.

शेपूटहलवे
उंश, हा सल्ला कोणी खरा मानू नये म्हणून लगेच उत्तर देतो. कुत्र्याला झटका आणि ससा यांचा संबंध "ससा दिसला की दुखतं" असा लागतो, "सशाकडे बघू नये" असा नाही. नुसतं आकर्षण होतं त्यात आता भीती आणि राग मिसळला. पाठलागाच्या भरात झटका जाणवतच नाही, उलट उत्तेजना वाढते. आणि काही कुत्री त्या क्षणी शेजारी जो असेल त्याला चावतात, म्हणजे तुम्हाला.

आता शिकवण्याबद्दल. ध्येय मैत्री नाही, दुर्लक्ष आहे. आणि शिकवणं हे दारांच्या जागी नसतं, दारांच्या जोडीला असतं. दार चुकून उघडं राहिलं तर तुम्हाला हाक मारायला दोन सेकंद मिळावेत, एवढीच त्याची किंमत.

पट्टा आधी. कारवानीची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा मागे सरकली की निघून हातात येतो. दीड-दोन इंच रुंदीचा मार्टिंगेल (ओढला की ठरावीक मापापर्यंतच आवळणारा पट्टा) घ्या, पूर्ण आवळल्यावर कानांवरून निघू नये आणि गळाही दाबू नये असा बसवून. घरात पहिले काही आठवडे सहा फुटी हलकी दोरी अंगावर, पण तुमची नजर असतानाच.

पहिले दहा-बारा दिवस ससे-बजी दाखवायचेच नाहीत. फक्त वास आणि आवाज. सशांच्या अंथरुणाचा कपडा जमिनीवर, कुत्रीने हुंगला आणि मान वळवली की शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा चण्याएवढा तुकडा. बजींचा आवाज फोनवर अगदी हळू. सोबत चटईवर पडून राहायचं शिकवा: चटईवर बसली की तुकडा, आडवी झाली की तुकडा, कंबर एका बाजूला टाकून सैल पडली की दोन-तीन तुकडे.

मग दिसणं. टू बीएचकेत वीस फूट सलग अंतर मिळत नाही, म्हणून पॅसेजच्या एका टोकाला कुत्री, दुसऱ्या टोकाला झाकलेला पिंजरा, आणि दुसरी व्यक्ती चादर वीतभर वर करते. कुत्रीने बघितलं की बक्षिसाचा शब्द ("छान") उच्चारा आणि तुकडा द्या, तोही तुमच्या बाजूला, म्हणजे तिला मान वळवावी लागते. काही दिवसांनी ती पिंजरा बघून आपणहून तुमच्याकडे बघते. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बस.

थांबायचं कधी ते नीट ओळखा: तोंड मिटणं, कान पुढे, अंग ताठ, एक पुढचा पाय उचललेला, श्वास रोखलेला. या अवस्थेत चिकनही नाकाने ढकलून देते. तिथे "नको, नको" करत बसू नका, चादर खाली, कुत्री दुसऱ्या खोलीत, उद्या अंतर दुप्पट. हाक मारल्यावर तीन सेकंदांत मान वळत नसेल तर तुम्ही फार जवळ आलात.

भाकरवडी
जाळीचं मुसकं घातलं तर मोकळं सोडता येईल का? कुत्री आणि ससे एका खोलीत?

शेपूटहलवे
नाही. बास्केट मुसकं चांगलं (कापडी नाही, त्यात धापा टाकता येत नाहीत), पण ते सराव करताना जादाचा विमा म्हणून. मुसकं घातलेली कारवानीही नाकाने ठोसा मारून ससा मारू शकते, किंवा नुसती मागे लागली तरी वर पशुवैद्यांनी सांगितलेला मणक्याचा प्रकार घडतो.

गल्लीतला_बंड्या
धावायला दिलं की कुत्री दमते आणि घरात शांत राहते. टोकाला दोरी आणि खेळणं बांधलेली काठी मिळते ती घ्या. लेझर पण भारी.

शेपूटहलवे
लेझर नको. पकडायला हाती काही येत नाही, काही कुत्र्यांना सावल्या आणि उजेडाच्या ठिपक्यांमागे धावायचं कायमचं वेड लागतं. काठी चालेल, नियमांनी: बसल्याशिवाय सुरू नाही, हाक मारली की थांबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं, आणि शेवट नेहमी खेळणं पकडण्यात. चार फुटी पाइप, सहा फूट दोरी, टोकाला कापडाची वेणी. पाच-सात मिनिटं, मैदानावर, घरात नाही. चीं-चीं करणारं खेळणं आणि सशाचं कातडं लावलेलं आमिष दोन्ही टाळा. कारवानीला आठवड्यातून दोन-तीनदा बंद आवारात मोकळं पळायला हवंच, पट्ट्यावरचं चालणं तिला पुरत नाही. दमलेली कुत्री शांत असते हे खरं, पण ससा उडी मारतो तेव्हा दमणं विसरलेली असते.

मोकळं पळणं म्हणजे माळरानावर नव्हे हं. रानातल्या सशामागे कुत्रं सोडणं ही कायद्याने शिकारच.

साताऱ्याचा_पशुवैद्य
औषधांचं कोणीच बोललं नाही म्हणून, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे.

गोचिडांसाठी कुत्र्यावर फिप्रोनिलचे थेंब किंवा स्प्रे सर्रास मारतात. फिप्रोनिल सशाला विषारी आहे. खाणं बंद, झटके, मृत्यू. कुत्रीला स्प्रे मारून त्याच हातांनी सशाला उचललं, किंवा तीच चटई सशांकडे गेली, एवढं पुरतं. ससे असलेल्या घरात कुत्रीला गोचिडांची तोंडावाटे द्यायची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, केसांवर काही उरत नाही. तिला पूर्वी फिट्स आल्या असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. बजींच्या खोलीत कुठलाही कीटकनाशक स्प्रे नको.

कुत्रीचं उरलेलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) सशाला तोंडाने देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही. कोणाकडे सशांऐवजी गिनीपिग असतील तर अजून एक: कुत्र्याला केनेल कफ (संसर्गाचा खोकला) करणारा बॉर्डेटेला जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देतो. कुत्रा खोकत असेल तर एकच माणूस दोघांचं करू नये, निदान हात धुऊन कपडे बदलावे.

चावा लागलाच तर: ससा किंवा पक्षी "काही झालं नाही" असा दिसला तरी दवाखाना. केसांखाली दाताचं भोक दिसत नाही, आत चेंगरलेलं असतं. कुत्र्या-मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला फार थोड्या वेळात संपवतात, अँटिबायोटिक त्याच दिवशी हवं. पुठ्ठ्याच्या अंधाऱ्या खोक्यात, खाली टॉवेल, उबेत; तोंडात पाणी ओतू नका. पक्षी-ससे बघणारे डॉक्टर कमी असतात, त्यांचा नंबर कुत्री यायच्या आधी फ्रिजवर चिकटवा.

खडूस_आजोबा
फिप्रोनिलचं आमच्या माहितीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. प्रतिसाद वर पिन करा कुणीतरी.

चिमणचारा
त्याला जोडून. सांडलेलं राळं आणि बाजरी उंदरांना बोलावते. उंदीर आला की कुत्री रात्रभर पिंजऱ्याच्या खालीच धरणं धरते, आणि पावसाळ्यात उंदराच्या मुताने लेप्टोचा धोका वेगळाच. संध्याकाळी दाण्याची वाटी काढा, खाली झाडून घ्या, कुत्रीची लेप्टोची लस दरवर्षी वेळेवर. उंदराचं विषारी औषध घरात अजिबात नको, मेलेला उंदीर कोण खाणार ते उघड आहे.

भाकरवडी
सगळ्यांचे आभार. आता मांडणी अशी ठरतेय, चुका काढा. ससे छोट्या बेडरूममध्ये. बजी मोठ्या बेडरूममध्ये भिंतीला आवळून, बाहेर दुसरी जाळी. कुत्री हॉल-किचन. बेडरूमच्या पॅसेजला लहान मुलांसाठीचं अडीच फुटी गेट.

जाळीवाला
अडीच फुटी गेट म्हणजे कारवानीला सतरंजीची घडी. पॅसेजला पूर्ण उंचीचं दार करा. फॅब्रिकेटरकडून सेफ्टी डोअरसारखं, पण खालच्या पाच फुटांना आरपार दिसणार नाही अशी पत्र्याची किंवा प्लायची पाटी. डोळ्याने शिकार करणाऱ्याला न दिसणं हे निम्मं काम. (वासावर शिकार करणारा बीगल असता तर मी दाराखाली ब्रशची पट्टी आधी सांगितली असती, टेरियर असता तर चौकट खालून खणता येणार नाही हे.)

म्हणजे कुत्री आणि ससे यांच्यामध्ये दोन दारं झाली. नियम: एका वेळी एकच उघडं. दोन्ही दारांना डोअर क्लोजर, म्हणजे हातात गवताची परडी असताना पायाने ढकललेलं दार मागे बंद होतं. खाली दाबून उघडायचा हँडल असेल तर बदला, कुत्री पंजाने तो शिकते. कडी आतून नव्हे, पॅसेजच्या बाजूने, पाच फुटांवर. कामाच्या मावशी, पाहुणे, मुलं यांच्यासाठी दारावर पाटी. बरेच अपघात हे कुत्र्याच्या चुकीने नव्हे, पाहुण्याच्या "अगं बाई, उघडंच राहिलं" मुळे होतात.

नाचणी
सशांना खोलीत मोकळं कधी सोडणार? पहाटे आणि संध्याकाळी ते जागे असतात. त्याच वेळी कुत्रीला फिरायला नेलं तर एका दगडात दोन पक्षी. बजींची माफी मागून.

साताऱ्याचा_पशुवैद्य
:) सशांच्या खोलीत दोन तोंडांचं लपायचं खोकं ठेवा, एकाच तोंडाचं नको. अडकल्याची भावना नको. आणि दिवाळीत फटाक्यांच्या संध्याकाळी तिन्ही जनावरं घाबरलेली असतात, तेव्हा सगळी दारं बंद, शिकवणं बंद.

उंटावरचा_शहाणा
एवढं सगळं करायचं, एक खोली सशांना, एक बजींना, मग माणसं झोपणार कुठे? मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.

भाकरवडी
आम्ही बजींसोबत झोपू, ते सहा वाजता उठवतील एवढंच. पण उंशंचा मुद्दा डोक्यात आहे. आणण्याआधीच काही कळेल का, हे शक्य आहे की नाही?

शेपूटहलवे
बऱ्यापैकी कळतं. सोलापूरला जाऊन तिथेच बघा, दोन वेगवेगळ्या दिवशी. मार्टिंगेल आणि दोरी, जाळीपलीकडे कोंबड्या, पन्नास फुटांवरून सुरुवात. मांजर आपणहून जात असेल तर तेही चालेल, पण जिवंत ससा समोर धरून बघायचा मूर्खपणा नको. बघा: किती अंतरावर तिला कोंबडी दिसते, त्या अंतरावर चिकन खाते का, नावाने हाक मारली की वळते का, आणि कोंबड्या नजरेआड झाल्यावर किती वेळात सैल पडते. तीस फुटांवर खाते, वळते, दोन-तीन मिनिटांत विसरते, तर वर लिहिलेली मांडणी पेलेल. पन्नास फुटांवर ताठ, चिकनला तोंड नाही, आणि अर्ध्या तासाने घरात परत आल्यावरही दाराकडे टक लावून थरथरत असेल, तर या घरी आणू नका. तिला ससे-पक्षी नसलेलं घर मिळेल, कारवानी हवी असणारे बरेच आहेत. आताच्या मालकांना हेही विचारा: तिने आजवर काही मारलंय का? पाठलाग केलाय आणि मारलंय यात फरक आहे.

खडूस_आजोबा
चिकन सेंटरच्या बाहेरच्या पिंजऱ्यापाशी नेऊन बघा असं कोणी सुचवायच्या आत सांगतो, तिथे रक्ताचा वास, रहदारी आणि दुकानाची राखणदार कुत्री असतात. काही कळणार नाही, मारामारी मात्र होईल.

भाकरवडी
शनिवार-रविवार सोलापूर ठरवलं. शेवटचा प्रश्न: आम्ही दोघं कामावर असताना तिच्यासाठी क्रेट (कुत्र्याला ठेवायचा पिंजरा) कुठला आणि कुठे?

जाळीवाला
खांद्याला पंचवीस-सव्वीस इंच असेल तर ४८ इंची घ्या, ४२ मध्ये ती पाय ताणून झोपू शकणार नाही. पॅसेजच्या दाराकडे तोंड नको. ट्रे गुळगुळीत असतो, खाली रबरी मॅट घाला. एका वेळी चार तासांच्या वर नको. आधी महिनाभर तिला दार उघडं ठेवून त्यात जेवायला द्या, मग कडी.